रुग्णालय-बांधणीत नमुना आराखड्यांचे स्थान
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा लेखी मसुदा)



यंत्रनिर्मितीवर वाढलेल्या वालचंदनगरच्या श्रोत्यांना साचा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. ओतकामात एक पॅटर्न सिद्ध झाला की त्यावरून हवे तितके भाग निघतात. पण पॅटर्नमध्येच दोष राहिला तर तो प्रत्येक भागात उतरतो. शेठ वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत व्यवसायाचा आरंभ केला तो रेल्वेच्या ठेकेदारीने, आणि रेल्वेची स्थानके, चौक्या, कर्मचाऱ्यांची घरे ठरावीक नकाशांवरूनच उभी राहत. हीच पद्धत रुग्णालयाला लावावी काय, हा आजचा विषय आहे.

कल्पना जुनीच आहे. १८५५ साली, क्रिमियन युद्धात, ब्रुनेल या इंग्रज अभियंत्याने तुर्कस्तानातील रेंकिओई येथे सुमारे हजार खाटांचे लाकडी रुग्णालय योजिले. सर्व कक्ष एका नमुन्याचे; सुटे भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने पाठविलेले. वायुवीजन आणि शौचकूपांची सोय प्रत्येक कक्षाच्या रचनेतच असल्याने पहिल्या कक्षात जी स्वच्छता, तीच शेवटच्या कक्षात. घाई होती म्हणून साचा वापरला, हे खरे. परंतु साचा विचारपूर्वक केला होता, हे अधिक महत्त्वाचे.

आपल्याकडे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना पुढे आली. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येस एक केंद्र, हे प्रमाण आपणांस ठाऊक आहे. २००७ मध्ये केंद्र शासनाने सार्वजनिक आरोग्य संस्थांसाठी मानके प्रसिद्ध केली आणि २०१२ व २०२२ मध्ये ती सुधारली. खोल्या किती, खाटा किती, प्रसूतिगृह कोठे, हे त्यामुळे प्रत्येक गावी नव्याने ठरवावे लागत नाही. अंदाजपत्रक लवकर होते. बदली होऊन आलेल्या परिचारिकेस औषधांचे कपाट शोधावे लागत नाही. मध्यरात्री हा लाभ लहान नसतो.

थोडे तपशिलात जाऊ. दोन शेजारच्या खोल्या आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटसुलट आखल्या, तर नळ आणि ऑक्सिजनच्या वाहिन्या मधल्या एकाच भिंतीतून नेता येतात व पैसे वाचतात. म्हणून बहुतेक ठेकेदारांना तीच रचना आवडते. पण मग एका खोलीत ऑक्सिजनची जोडणी रुग्णाच्या उजवीकडे येते, दुसरीत डावीकडे. रुग्णाचा श्वास अडकलेला असताना परिचारिकेचा हात सवयीने जिकडे जातो, तिकडे जोडणी असायला हवी. भिंतीत वाचलेला पैसा येथे फार महाग पडू शकतो. नमुना आराखडा म्हणजे दर्शनी भाग सारखा करणे नव्हे. हाताची सवय सारखी राखणे होय.

आता दुसरी बाजू. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात ‘बेस्ट बाय’ नावाच्या एका किफायतशीर नमुन्यावर फ्रिमली आणि बरी सेंट एडमंड्स येथे रुग्णालये बांधली गेली. दोन्हीकडे हवेचे बुडबुडे मिसळलेल्या हलक्या काँक्रीटच्या फळ्या वापरल्या होत्या. पुढे त्या धोकादायक ठरल्या, आणि दोन्ही ठिकाणी छतांना टेकू देऊन काम चालवावे लागले. ओतकाम जाणणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आपल्या राज्यातही विसरता न येणारी तारीख आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आग लागून दहा अर्भके दगावली. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. सुटकेचा दुसरा दरवाजा, विजेच्या तारांची क्षमता, धूर बाहेर जाण्याची वाट या गोष्टी कोणाच्या आवडीनिवडीवर सोडता येत नाहीत. त्या साच्यातच हव्यात. आणि इमारत झाल्यावर मूळ नकाशात नसलेली यंत्रे कोणी आत बसवली, तर भार पुन्हा मोजायला हवा.

सारेच साच्यात बसते, असेही नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर सरळ रेषेत वसवलेल्या गावांत वाड्यांचा शेजार हरवल्याची खंत अनेकांनी मांडली. इंदापूर-बारामतीच्या पर्जन्यछायेच्या भागाला आणि कोकणाला एकच छप्पर कसे चालेल? शिवाय आपला रुग्ण एकटा येत नाही. ऊसतोडीच्या हंगामात एका बाळंतिणीबरोबर चार माणसे येतात. त्यांना बसण्यास ओसरी, पाणी आणि डबा उघडण्यास जागा लागते. परदेशी नकाशात ही ओसरी सापडणार नाही.

औषधदानाची परंपरा जपणाऱ्या आपल्या समाजापुढे स्पष्ट बोलतो. देणगीदारांस आपली वास्तू वेगळी दिसावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ती हौस प्रवेशद्वारापर्यंत असावी. संगमरवरी फलक लहान झाला तरी चालेल, स्ट्रेचर वळण्याइतका मार्ग अरुंद होता कामा नये. उतरत्या मार्गाचा चढ एकास बारापेक्षा तीव्र झाला, तर देणगीदाराच्याच वृद्ध मातोश्रींची चाकाची खुर्ची तेथे अडेल.

एखाद्या ट्रस्टने दवाखाना बांधावयाचे ठरविल्यास पाया खोदण्यापूर्वी एक दिवस मोकळ्या मैदानात फक्कीने एका खोलीची पूर्ण मापाची आखणी करावी. त्यात खाट ठेवावी, स्ट्रेचर फिरवावे आणि नकाशा न दाखविता एखाद्या अनुभवी परिचारिकेस विचारावे, ‘बाई, ऑक्सिजन कोठे हवा?’ त्या जेथे बोट दाखवतील, तेथे खूण करावी, आणि मग वास्तुविशारदांना बोलवावे.