लिहिलेले पुन्हा वाचा
(शाळेतील पालकसभेत झालेले भाषण)



सुतार रंधा मारला की गुण्या लावून पाहतो. मग लिहिलेला कागद आपण न तपासता का सोडावा?

शुद्धलेखन म्हणजे पंडितांचे सोवळे, असे कित्येक म्हणतात. पण वारसनोंदीच्या अर्जात ०.४० हेक्टरऐवजी ०.०४ पडले, तर सुमारे एक एकराचे चार गुंठे होतात! तीच चूक दप्तरी उतरली, तर ती दुरुस्त करण्यास १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात कलम १५५ आहे खरे. पण हेलपाटे कोणाच्या पायांना?

१८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. आपल्या दुःखाविषयी आपणच लिहावे, हे तिने दाखविले. असे लिहिणे नेमके हवे. मोघम लिहिले तर गाऱ्हाणे वाया जाते.

म्हणून मुलांनो, लिहिलेले रात्रभर ठेवा व सकाळी मोठ्याने वाचा. जीभ अडेल ते वाक्य मोडा व नीट जुळवा. आकडा अक्षरांतही लिहा. आईला अक्षरओळख नसली तरी तिला वाचून दाखवा. तिला न कळेल ते पुन्हा लिहा. गुरुजींच्या तांबड्या शाईची वाट पाहू नका. स्वतःची चूक स्वतः शोधील, त्याचीच लेखणी सुधारेल.