जरा एक लोगो करून दे ना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे : ‘तुझ्या कामाबद्दल बोल.’ आपल्या ग्रुपवर माझ्या कामाबद्दल दोनच मतं आहेत. एक, ‘ती घरीच असते.’ दोन, ‘ती कॉम्प्युटरचं काहीतरी करते.’ दोन्ही खरी आहेत, म्हणून थोडं खुलासेवार सांगते.

इंजिनिअर झाल्यावर मी पंधरा वर्षं अंधेरीला सॉफ्टवेअरची नोकरी केली. त्यानंतर गेली काही वर्षं मुलुंडच्या घरातून स्वतंत्रपणे काम करते. लोकांच्या वेबसाइट आणि अ‍ॅप डिझाइन करायचे, बांधायचे आणि चालते ठेवायचे. याला फ्रीलान्स म्हणतात. नाव छान आहे, पण त्यातलं ‘फ्री’ लोक जरा जास्तच मनावर घेतात.

आज हा विषय घेण्याचं खरं कारण वेगळं आहे. या वर्षात आपल्या तुकडीतल्या तिघांची नोकरी गेली. दोन मैत्रिणी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागायचं म्हणताहेत. पंचेचाळिशीत बायोडेटा पाठवून उत्तराची वाट पाहणं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. आजचं बोलणं मुख्यतः या पाचजणांसाठी आहे. बाकीच्यांनी चहा येईपर्यंत ऐकावं, आणि शेवटी तुमच्यासाठीही एक काम आहे.

सुरुवात आपल्या मुलुंडच्याच माणसापासून करते. अक्षरकार कमल शेडगे. जुलै 2020 मध्ये ते गेले. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘वस्त्रहरण’ अशा किती नाटकांची नावं वर्तमानपत्राच्या जाहिरातींत त्यांच्या अक्षरांत आपण पाहिली. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरी सांभाळून ते बाहेरची ही कामं करत. तेव्हा वेबसाइट नव्हती, लिंक्डइन नव्हतं. पण नाटकाची जाहिरात छापून आली की तीच त्यांचीही जाहिरात. इतक्या नाटकांच्या भाऊगर्दीत नाव चटकन डोळ्यांत भरलं पाहिजे, ही निर्मात्याची गरज. ती ज्याला ओळखता आली, त्याला पुढचं नाटक मिळणारच. मला यातून घेण्यासारखं वाटतं ते एवढंच : काम दिसलं पाहिजे, आणि ते समोरच्याच्या गरजेचं असलं पाहिजे. सध्याचं उदाहरण हवं असेल तर मुंबईतल्या ‘एक टाइप’चं घ्या. त्यांचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट कुणालाही मोफत वापरता येतात. आज ते इतक्या ठिकाणी दिसतात की ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

आता मुद्द्याचं. गिऱ्हाईक कुठे मिळतं? परदेशी संकेतस्थळांवर जगभरच्या लोकांशी बोली लावून काम मिळतं, नाही असं नाही. पण तिथे सुरुवातीला भाव पाडूनच उभं राहावं लागतं. माझी पहिली चार कामं ओळखीतून आली : दोन जुन्या ऑफिसमधल्या सहकाऱ्यांकडून, एक आमच्या सीएकडून, एक मुलाच्या डॉक्टरांकडून. म्हणून माझा सल्ला असा, की तुम्ही ज्यांच्याबरोबर काम केलंत अशा तीस लोकांची यादी करा आणि प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा. ‘काही काम असेल तर सांग’ असं लिहू नका, त्यातून समोरच्याला काहीच आठवत नाही. ‘मी छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटची व्यवस्था असलेली वेबसाइट करते’ असं लिहिलं, की त्याला लगेच एक डॉक्टर आठवतो.

आणि आपली उपनगरं नीट बघा. मरोळ एमआयडीसीत आणि अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटींत छोटे कारखाने आणि निर्यातदार आहेत. त्यांना कॅटलॉग हवा असतो आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखी वेबसाइट. घाटकोपरचा व्यापारी भावात घासाघीस भरपूर करतो, पण माझा अनुभव असा, की एकदा ठरलं की हिशेब चोख. बोरिवलीत क्लासेस आणि दवाखाने, मुलुंडला सीए, वकील, छोटे बिल्डर. एक सीए खूश झाला, तर त्याच्याकडे येणारे पन्नास धंदेवाले तुमचं नाव ऐकतात. 2014 मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरहून अंधेरी गाठणं सोपं झालं आहे, तेव्हा पहिली भेट समोरासमोर घ्या. व्हिडिओ कॉलवर जे कळत नाही ते त्यांच्या दुकानात दहा मिनिटं बसल्यावर कळतं : फोन कोण उचलतं, निर्णय कोण घेतं, आणि पैसे कोण देतं. ही तीन माणसं बहुतेक वेळा वेगवेगळी असतात.

भाव सांगण्याआधी मी पाच प्रश्न विचारते. हे काम कशासाठी हवंय? कधीपर्यंत? मंजुरी एकट्याची की घरातल्या सगळ्यांची? मजकूर आणि फोटो कोण देणार? आणि साधारण किती खर्च मनात आहे? पाचव्या प्रश्नाला ‘ते तुम्हीच सांगा’ असंच उत्तर येतं, तरी विचारायचं. चौथ्याचं उत्तर नक्की नसेल, तर काम तीन महिने लांबणार हे गृहीत धरायचं. आणि ‘आधीच्या तिघांनी वाट लावली’ असं सांगणारा भेटला, तर त्या तिघांपैकी एकाला फोन करून बघायचा.

भाव कसा काढायचा? पगाराला तीसने भागून नव्हे. समजा वर्षाला घरात 12 लाख यायला हवेत. सणवार, आजारपण, लग्नकार्य वजा जाता 46 आठवडे हातात राहतात. आठवड्यात चाळीस तास बसलात तरी पैसे मिळणारे तास वीसच, कारण उरलेला वेळ भेटीगाठी, कोटेशन, फोन आणि वसुली यांत जातो. म्हणजे 920 तास. 12 लाखांना 920 ने भागा, तासाला साधारण 1,300 रुपये आले. यात लॅपटॉप, सॉफ्टवेअर, आरोग्य विमा, कर काहीच धरलेलं नाही, ते वर लावायचं. आपल्या गणिताच्या सरांनी शिकवलेला भागाकार इथे उपयोगी पडतो. गिऱ्हाइकाला मात्र तासाचा भाव सांगायचा नाही, पूर्ण कामाची किंमत सांगायची.

मग लिखापढी. दोन पानं पुरतात. काय करणार, काय करणार नाही, बदल किती वेळा करून देणार, आणि पैसे कधी. माझा हिशेब : सुरुवातीला 40 टक्के, डिझाइन मंजूर झाल्यावर 30, आणि साइट चालू होण्याआधी 30. अ‍ॅडव्हान्स जमा झाल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. हे ऐकून जो रागावतो, तो शेवटचा हप्ताही रागावूनच देतो. कॉपीराइटचंही लिहा. आपल्या 1957 च्या कायद्याप्रमाणे नोकरीत केलेल्या कामाची मालकी सहसा मालकाची असते, पण स्वतंत्रपणे लिहिलेल्या कोडची मालकी आधी लिहिणाऱ्याची. ती दुसऱ्याला द्यायची तर लेखी द्यावी लागते. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर भारतापुरतं. मी कागदात स्पष्ट लिहिते : पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क तुमचे.

आता वसुली, म्हणजे फ्रीलान्सचं दहावीचं वर्ष. काही वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका कंपनीसाठी मी गोदामाचं अ‍ॅप केलं. त्यांनी मुदतवाढ मागून घेतली, साइटवरचं काम आधी चालू करून हवं म्हणाले, आणि तसं लेखी ठरलं. काम पसंत असल्याची त्यांची मेल फेब्रुवारीत आली. शेवटचे एक लाख साठ हजार मात्र जूनपर्यंत आले नाहीत. ‘साहेब बाहेरगावी आहेत’, ‘पुढच्या बुधवारी नक्की.’ इकडे मुलाच्या अकरावीची फी आणि घराचा हप्ता, दोन्ही बुधवारवर थांबत नव्हते. नोकरीत असताना पगार हा महिन्याचा ऋतू असतो, येतोच. इथे पाऊस आपणच आणायचा असतो. त्या दिवसांत रात्री दोनला उठून मी नोकरीच्या जाहिराती वाचत होते, हेही सांगते.

हाताशी कायदा होता. 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रमांचा कायदा. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी लागते. ती जुलै 2020 पासून ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नका. काम घेण्याआधीच ती करून ठेवलेली बरी, माझी होती. या कायद्यात लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तरीही नाही दिले, तर 2017 पासून ऑनलाइन तक्रार करता येते आणि ती सुविधा परिषदेकडे जाते.

मी आरडाओरडा केला नाही. एक सभ्य मेल लिहिली. सोबत इनव्हॉइस, काम पसंत असल्याची त्यांचीच मेल, उद्यम क्रमांक आणि व्याजाचा तक्ता. प्रत त्यांच्या हिशेबनिसाला. नवव्या दिवशी मुद्दल जमा झालं. व्याज मी सोडलं आणि त्यांचं पुढचं कामही. आता तर आयकरातही तरतूद आली आहे : 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा मिळत नाही. त्यामुळे हल्ली गिऱ्हाइकांचे सीएच मार्चमध्ये आपल्याला फोन करतात.

आणखी दोन गोष्टी. कंपनी टीडीएस कापते, तो आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जमा दिसतोय का ते दर तिमाहीला बघा. आणि सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. हे तुमच्या सीएशी आधीच बोलून घ्या.

गिऱ्हाईक सांभाळणं म्हणजे सगळ्याला हो म्हणणं नव्हे. मी दर शुक्रवारी चार ओळींची मेल पाठवते : काय झालं, काय राहिलं, तुमच्याकडून काय हवं. ती गेली की शनिवार-रविवारचे फोन निम्मे होतात. वाईट बातमी मी स्वतः आणि आधी सांगते. आणि एका गिऱ्हाइकावर एक तृतीयांशापेक्षा जास्त कमाई अवलंबून ठेवत नाही. कारण तसं झालं तर ती नोकरीच, फक्त पीएफ नसलेली.

आता बाकीच्यांसाठीचं काम. आपल्या ग्रुपवर ‘जरा एक लोगो करून दे ना, तुझं पाच मिनिटांचं काम’ असे निरोप येतात. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ज्याची नोकरी गेली आहे त्याला मित्राकडे पैसे मागणं सगळ्यांत जड जातं, आणि तो हसून करून देतो. म्हणून विनंती : मित्राला काम सांगताना पहिला प्रश्न ‘किती द्यायचे?’ हा असू द्या. सवलत द्यायची असेल तर तो देईल, ती त्याने द्यायची गोष्ट आहे. आणि स्वतःकडे काम नसेल, तर दोन ओळखी द्या. या सभागृहात डॉक्टर आहेत, दुकानदार आहेत, बँकेतले आहेत, दोन मुख्याध्यापिका आहेत. पाचजणांना पहिली चार-चार कामं मिळवून द्यायला एवढे लोक खूप झाले.

जेवणानंतर मी मागच्या खिडकीपाशी वही घेऊन बसणार आहे. त्या पाचजणांनी या, आपण तीस नावांची यादी तिथेच सुरू करू. आणि ज्यांना वेबसाइट करून हवी आहे त्यांनीही या. अ‍ॅडव्हान्स चाळीस टक्के.