पोटातली बुरशी, अंगावरची खाज आणि घरातली साखर

 

आजचा विषय जरा अवघड जागेचा आहे. जवळपास घरातली पुरुष माणसं असतील तर रेडिओचा आवाज कमी करू नका. त्यांनीही ऐकावं असंच हे आहे.

मी आरोग्य सेविका म्हणून पुष्कळ वर्षं काम केलं. गावोगाव फिरून बायकांना विचारलं, अंगावरून जातं का, खाज आहे का, लघवीला जळजळतं का. आणि माझ्याच घरात, एकाच चुलीवर माझ्यासोबत भाकरी थापणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई दीड वर्ष खाजेनं हैराण होत्या, ते मला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर "उष्णता झालीय" म्हणायच्या. सब्जा प्यायल्या, धण्या-जिऱ्याचं पाणी प्यायल्या. मेडिकलमधून मलम आणलं. चार दिवस बरं वाटायचं, परत सुरू. मग मोबाईलवर कुणीतरी सांगितलं की तुमच्या पोटात बुरशी वाढली आहे, ती साफ करा. अठराशे रुपयांची पावडर घरी आली, तीही संपली. शेवटी भाचीच्या लग्नात त्यांना मांडवात बसवेना, तेव्हा रात्री मला म्हणाल्या, "तुझ्यापासून काय लपवायचं आता."

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर तपासली. 238 निघाली. त्यांना मधुमेह होता आणि तो किती दिवसांचा होता कुणास ठाऊक. खाज त्याचीच वर्दी देत होती, आणि आम्ही ती वर्दी मलमानं पुसत होतो.

आता ही बुरशी म्हणजे काय ते बघू. पाव फुगतो तो ज्या बारीक जिवांमुळे, त्यांना यीस्ट म्हणतात. यीस्टच्या अनेक जाती आहेत. त्यातली कॅन्डिडा नावाची जात माणसाच्या अंगावर राहते. तोंडात, आतड्यात, बाईच्या योनीमार्गात ती थोडीफार असू शकते. धडधाकट माणसाच्या अंगातही असते आणि काही त्रास देत नाही, कारण तिच्या शेजारी दुसरे उपयोगी जंतू दाटीनं राहतात आणि तिला पसरू देत नाहीत.

तासगाव-पलूसकडच्या बायकांना हे लगेच कळेल. द्राक्षावर भुरी येते, तीही बुरशीच. मांडव दाटला, वारा खेळेना, की ती पसरते. नुसती फवारणी केली आणि वेल मोकळी केली नाही तर भुरी पुन्हा येते. आपल्या अंगाचंही तसंच आहे. औषधानं ती जाते, पण तिला पोसणारी परिस्थिती तशीच राहिली तर ती परत येते.

ही परिस्थिती कशानं तयार होते? रक्तातली साखर वाढली तर. गरज नसताना अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या तर, कारण त्या उपयोगी जंतूंनाही मारतात. गरोदरपणात. स्टिरॉइडची औषधं दीर्घकाळ चालू असतील तर. अंगाची ताकद दुसऱ्या आजारानं कमी झाली तर. आणि कपडे सतत ओलसर राहिले तर.

मग पोटात बुरशी वाढल्यानं थकवा येतो, पोट फुगतं, डोकं जड होतं, असं जे मोबाईलवर सांगतात, त्याचं काय? मी स्पष्ट सांगते. ग्लासभर पाण्यात थुंकून बुरशी ओळखण्याची जी युक्ती सांगतात, तिला काही आधार नाही. पोट साफ करणाऱ्या महागड्या पावडरींनाही नाही. थकवा येत असेल तर आधी रक्त तपासा. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं फार नेहमीचं आहे. थायरॉइड असेल, साखर असेल, जंत असतील. पोट फुगण्यामागे आम्लपित्त असेल, शौचाला साफ होत नसेल. खरं कारण सापडेपर्यंत पैसे पावडरीत घालू नका.

बुरशीचा त्रास खरोखर दिसतो तो अशा ठिकाणी. खालच्या जागेला जोराची खाज, आग, आणि कवडी दह्यासारखं घट्ट पांढरं जाणं. त्याला सहसा घाण वास नसतो. स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या वळीत लालसर, ओलं चट्टं. बाळाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या जिभेवर दह्यासारखा थर. दर चार बायकांपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी खालच्या जागेचा हा त्रास होतो. म्हणजे लाजण्यासारखं काही नाही. आणि हे नीट ऐका, हा चारित्र्याचा आजार नाही. नवऱ्याकडे कधीही न गेलेल्या मुलीलाही होतो. कुणा सुनेवर, कुणा लेकीवर या कारणानं बोट ठेवू नका.

आता रोजच्या सवयी.

पहिली, साखर. आपण साखर कारखान्यांच्या मुलखात राहतो. सभासदाची साखर सवलतीत घरी येते, दिवाळीला पोतं भरतं, आणि आल्यागेल्याला कपभर चहा दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर मोठ्या माणसानं दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 ग्रॅमवर आणली तर आणखी चांगलं. 25 ग्रॅम म्हणजे महिन्याला माणशी पाऊण किलो. गूळही त्यातच धरायचा. आता आपापल्या घरचा हिशेब करा. पाच माणसं आणि महिन्याला दहा किलो साखर-गूळ संपत असेल, तर माणशी दोन किलो झाले. एकदम बंद करायला कुणी सांगत नाही. दर कपातला अर्धा चमचा कमी करा, पंधरा दिवसांनी जीभ सरावते. साखर ठीक असलेल्या बाईला एका लाडवानं खाज सुटत नाही, हेही खरं. पण मधुमेह झाला की तीच साखर रक्तात आणि लघवीत उतरते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

दुसरी, गोळ्या. साध्या सर्दी-पडशाला, अंगदुखीला अँटिबायोटिक लागत नाही. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच नकोत. पण डॉक्टरांनी दिलेला डोस स्वतःच्या मनानं मध्येच सोडूही नका.

तिसरी, जेवण. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. हे आपलं साधं जेवण आतड्यातल्या चांगल्या जंतूंना मानवतं. ताकानं बुरशीचा आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही. ते चांगलं अन्न आहे, एवढंच. आणि बुरशीच्या भीतीनं भाकरी, इडली, ताक बंद करायची गरज नाही. उपाशी राहून अंगातलं रक्त आणखी कमी होईल.

चौथी, कपडे. आतले कपडे आपण दोरीवर लुगड्याच्या खाली लपवून वाळवतो. ते दमट राहतात आणि तसेच अंगावर चढतात. ते आणि पाळीची कापडं उघड्या उन्हात वाळू द्या. सुती वापरा. उसाच्या फडातून, भातलावणीतून घरी आलात की ओलं, घामट कापड आधी बदला. खालची जागा साध्या पाण्यानं बाहेरून धुवा, पुढून मागे. आत साबण, डेटॉल, हळद, लिंबू काही घालू नका. त्यानं चांगले जंतू मरतात आणि आग वाढते.

पाचवी, तोंड. दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरा. कवळी रात्री काढून ठेवा. आणि मिश्री लावणाऱ्या माझ्या बहिणींनो, बुरशीचा पांढरा थर बहुधा पुसला तर निघतो. गालात, हिरडीवर पुसून न निघणारा पांढरा चट्टा दोन आठवडे राहिला तर तो मिश्रीचा असू शकतो आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तो लगेच दाखवा.

डॉक्टरकडे कधी जायचं? पहिल्यांदाच त्रास होत असेल तर जा, कारण प्रत्येक खाज बुरशीची नसते. पिवळं-हिरवं किंवा वासाचं जात असेल, ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, पाळी गेल्यावर रक्त दिसलं असेल, तर वाट बघू नका. गरोदर असाल तर मनानं गोळी घेऊ नका, तुमच्यासाठी औषध वेगळं असतं. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्या घेणाऱ्यांना अशी खाज सुटू शकते. गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. खाज वर्षातून तीन-चार वेळा परत आली, तर साखर तपासल्याशिवाय राहू नका. उपाशीपोटी 100 च्या आत असावी. 126 किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून मधुमेहाची खात्री करतात.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आशाताईला विचारा. पुढचे उपचार लागले तर साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, सांगलीला वसंतदादा पाटील रुग्णालय आहे.

आमच्या जाऊबाईंची साखर औषधानं आणि रोजच्या चालण्यानं आटोक्यात आली. खाजेचं औषध थोडे दिवसच लागलं. आता सहा महिने झाले, त्रास परत आलेला नाही. परवा मला म्हणाल्या, "दीड वर्ष उगीच सोसलं गं." ते दीड वर्ष मला अजून टोचतं.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दोन कामं करा. हप्त्याची वही मिटण्याआधी प्रत्येकीनं आपल्या घरची महिन्याची साखर सांगा आणि माणशी हिशेब मांडा. आणि एक वार ठरवून सगळ्या मिळून उपकेंद्रात साखर तपासायला जा. एकटीला लाज वाटते. दहाजणी गेल्या तर कुणाला कशासाठी जायचं होतं ते विचारायची वेळच येत नाही.

येते मी. नमस्कार.