पाऊस एक, तराजू दोन
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेजाऱ्याची ज्वारी काढणीच्या पावसात काळी पडली की आपण काय म्हणतो? पावसानं दगा दिला. आपली पडली की? मीच करंटा. पाऊस एकच, मधे फक्त बांध. मग तराजू दोन कसे?

२०१७ चा खरीप आठवा. बोंडं बाहेरून हिरवीगार, फोडली की आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. यवतमाळात तेच, जालन्यात तेच, जळगावातही तेच. बीटी बियाण्यातली दोन्ही विषं अळी पचवू लागली होती. ती काय तुमच्या एकट्याच्या वावरात शिकली? तरी कितीक घरांत कर्ता माणूस भिंतीकडे तोंड करून निजला. सावकाराची गोष्ट सोडा, पोरालाही तोंड दाखवायची त्याला लाज वाटली. आणि घरधनीण म्हणाली, माझाच पायगुण!

चुका होतात, नाही असं नाही. डिसेंबरनंतर फरदड ठेवली तर अळीला आयतं घर मिळतं. तर पुढच्या साली ठेवू नका, झालं. त्यापायी स्वतःला वर्षभर शिव्या कशाला? शेजाऱ्यावर करता तेवढी माया स्वतःवर करायला पैसा पडत नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत एक करा. शेजारी बसलेल्याला एकरी उतारा विचारा, देणं किती राहिलं तेही विचारा. मग आपलं सांगा, खरं सांगा. मायबहिणींनीही सांगायचं. दुपारी पहिला अर्धा तास याच हिशेबाला ठेवला आहे.