रोबोट ‘एरर’ म्हणाला आणि मी पार्टनरवर ओरडलो

हेडफोन लावलेत ना? आज एका आकड्याची गोष्ट.

सेकंड इयरला होतो. लाइन फॉलोअर स्पर्धा दोन दिवसांवर आलेली आणि आमचा रोबोट डाव्या वळणावर दर वेळी ट्रॅक सोडायचा. का, ते कळेना. लॅपटॉपला केबल जोडून सिरियल मॉनिटर बघावा, तर रोबोट पळणार कसा? म्हटलं, याच्या डोक्यावर सेव्हन सेगमेंट डिस्प्ले बसवू. लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा दिसतो ना, तसा. १ म्हणजे सरळ, २ डावीकडे, ३ उजवीकडे, ४ म्हणजे लाइन हरवली.

त्यात एलईडीच्या सात पट्ट्या असतात. वरची ए, मग घड्याळाच्या दिशेने बी, सी, डी, ई, एफ आणि मधली आडवी जी. त्यांना क्रमाने किंमत द्यायची: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. ज्या पट्ट्या पेटवायच्या, त्यांची बेरीज करायची. आकडा १ साठी बी आणि सी, म्हणजे २ अधिक ४, सहा. शून्यासाठी मधली सोडून सगळ्या, ६३. आठासाठी सगळ्याच, १२७. या बेरजांचा एक अ‍ॅरे केला, की अर्डुइनोच्या सात पिनांवर आकडा तयार.

वायरिंग पार्टनरने केलं. प्रत्येक पट्टीला वेगळा २२० ओहमचा रेझिस्टर. कॉमनला एकच लावला असता तर १ झगझगीत आणि ८ मंद दिसला असता. कॉमन पिन ग्राउंडला जोडली, तर पूर्ण अंधार. त्याने ती ५ व्होल्टला लावून बघितली आणि डिस्प्ले पेटला! पण १ पाठवला की इंग्रजीतला कॅपिटल ‘ई’ दिसायचा. मला वाटलं, एरर! "अरे, वायरी उलट्यापालट्या केल्यास तू!" मी ओरडलो. तो काहीच बोलला नाही.

रात्री एकटाच बसून एकेक आकडा पाठवला. शून्याला फक्त मधली रेघ. आठाला काहीच नाही. आणि ट्यूब पेटली. जे पेटायला हवं ते विझतंय, विझायला हवं ते पेटतंय! डिस्प्ले कॉमन अ‍ॅनोड होता, माझा कोड कॉमन कॅथोडचा. बुधवार पेठेतून तो आणला मी, आणि कुठला आहे ते विचारलंच नव्हतं. म्हणजे वायरिंग बरोबर होतं.

सकाळी सॉरी म्हणायला गेलो. तो म्हणाला, "आधी कोड नीट कर, मग बोलू." प्रत्येक बेरीज १२७ मधून वजा केली, बस्स. सहाचे झाले १२१ आणि १ नीट दिसला.

मग ट्रॅकवर सोडला. वळणावर २ यायला हवा होता, आला ४! दोन दिवस आम्ही मोटारींचा स्पीड बदलत बसलेलो आणि इकडे सेन्सरला लाइनच दिसत नव्हती. जमिनीपासून जरा उंच बसला होता. खाली घेतला, आणि वळला की हो पठ्ठ्या! स्पर्धेत नंबर नाही आला, पण ते वळण एकदाही चुकलं नाही.

तुम्ही डिस्प्ले आणलात तर आधी मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवा. लाल प्रोब कॉमनला, काळी एखाद्या पट्टीच्या पिनेला. पट्टी पेटली तर कॉमन अ‍ॅनोड. एक मिनिटाचं काम आहे. पार्टनरवर ओरडायच्या आधी करा.

भेटू पुढच्या भागात!