बदललेला गुडघा पुन्हा दुखू लागला तर

२००० साली पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, तेव्हा हे मोठ्या लोकांचं ऑपरेशन वाटायचं. आता पनवेलच्या आसपासच्या गावांतही ऐकू येतं, "सासूबाईंची वाटी बदलली." खरं तर वाटी पुष्कळदा आपलीच राहते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं कापून तिथे धातूचे भाग बसवतात, मधे प्लॅस्टिकची चकती. ते भाग बहुतेकदा बोन सिमेंटने बसवतात. हे सिमेंट टेबलावरच दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं, म्हणून तर बाईला लगेच चालवतात.

पहिले काही महिने थोडी सूज, थोडं दुखणं राहतं, हळूहळू कमी होतं. तेवढ्याने सांधा हलला असं समजू नका. पण थांबलेलं दुखणं परत आलं, उठून पाय टेकताच कळ येते, ताप आहे, जखमेतून पाणी येतंय, तर थांबू नका. आपल्याकडे लगेच तेलाची बाटली निघते. चोळू नका बायांनो! सांधा लवकर सैल होण्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो, तो मालिशने जात नाही. मनाने गोळ्याही घेऊ नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जा.

जाताना जुने एक्स-रे न्या. नव्याशेजारी जुना धरला की सांधा जागचा हलला का, ते पाहता येतं. सांध्याची कंपनी आणि बॅच नंबर बिलावर हवा. २०१७ मध्ये सरकारने सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हापासून तसा नियम आहे. पुन्हा ऑपरेशनची वेळ आली, तर आत कोणता सांधा आहे ते त्यावरूनच कळेल. तो कागद रेशनकार्डासोबत ठेवा.