दह्यातील जंतू व आपली रोगप्रतिकारशक्ती
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही पडलो केवळ मॅट्रिक झालेले शाळामास्तर. तथापि गतवर्षी आमच्या घरी जो प्रसंग घडला, त्यामुळे या विषयाचे वाचन करणे आम्हांस भाग पडले.

जंतू म्हणजे रोग, असेच आम्ही पस्तीस वर्षे वर्गात सांगत आलो. परंतु पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेच्निकॉफ यांनी १९०७ सालीच आंबविलेल्या दुधातील जंतू मनुष्यास हितकर असल्याचे प्रतिपादन केले होते. पुढील वर्षी त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र शरीरातील रक्षकपेशींवरील संशोधनाबद्दल. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध किती निकटचा आहे, हे अलीकडे उलगडत आहे.

ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात अर्भकांवर एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. काही बालकांस सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हे जंतू, त्यांस पोषक अशा शर्करेसह, पाजण्यात आले. उरलेल्यांस जंतुविरहित पूड. पहिल्या दोन महिन्यांत सेप्सिस हा जीवघेणा संसर्ग अथवा मृत्यू यांचे प्रमाण उरलेल्यांत शेकडा ९, तर जंतू पाजलेल्यांत ५.४ भरले. नवल हे की, श्वसनमार्गाचे संसर्गही उणावले! पोटात गेलेले जंतू छातीच्या उपयोगी कसे पडावेत?

आतड्याचे अस्तर ही रक्षकपेशींची मोठी पाठशाळाच होय. तेथे या पेशी जंतूंची पारख शिकतात व रक्तावाटे अन्यत्रही जातात. काही हितकर जंतू अस्तराचे सांधे घट्ट करतात, काही प्रतिपिंडांची निर्मिती वाढवितात, तर काही दाह आवरणाऱ्या पेशींस चेतवितात. मात्र एका जातीचे यश दुसरीच्या नावावर मांडता येत नाही. घरच्या विरजणात कोणते जंतू किती, हे तर कोणीच मोजलेले नसते. म्हणून दही खाऊ नये असे नव्हे. आम्ही नित्य खातो.

आता तो प्रसंग. आमच्या सौभाग्यवतींवर मूत्रपिंडरोपणाची शस्त्रक्रिया झालेली आहे. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे त्यांस नित्य घ्यावी लागतात. त्यांस शक्ती यावी या हेतूने आम्ही जाहिरात वाचून जिवंत जंतूंच्या महागड्या गोळ्या आणल्या आणि डॉक्टरांस न विचारताच चार दिवस दिल्या. डॉक्टरांनी ऐकताच त्या बंद करविल्या. ज्यांच्या रक्षकपेशी औषधांनी दुबळ्या केल्या आहेत, त्यांच्या रक्तात हेच हितकर जंतू क्वचित शिरतात व प्राणावर बेतते, असे त्यांनी समजाविले. सुदैवाने काही अपाय झाला नाही. त्या रात्री मात्र आम्ही दर तासाला उठून त्यांच्या कपाळास हात लावून पाहत होतो.